पाळण्यातले पाय

गांडूळ कुणाच्या जवळच्या नात्यातले, गोमेच्या की कालवाच्या? कुणालाही विचारा, उत्तर गोम असेच येईल. दोघांचेही अंग लांबोडके, कड्याला कडे जोडत गेल्यासारखे. पावसाळ्यात दगड उलटला की दोघेही एकाच ओलीतून बाहेर पडतात. कालव बिचारे समुद्राच्या खडकाला शिंपल्यासकट चिकटलेले. त्याला ना धड डोके, ना शेपूट. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनीही दोनशे वर्षांपूर्वी गांडूळ आणि गोम एकाच घरात घातले होते, आणि त्यांच्या नजरेला त्या काळी युरोपात तोड नव्हती. पण १९९०च्या दशकात जनुकांची तुलना सुरू झाली आणि घरांची वाटणी पुन्हा झाली. गांडूळ गेले कालवाच्या वाड्यात. गोम राहिली कात टाकणाऱ्यांच्या वाड्यात, आणि तिथे तिच्या शेजारी येऊन बसले कोण, तर पोटातले जंत.

गंमत अशी की कालवाच्या बाजूचा पुरावा जनुकांच्या शंभर वर्षे आधीच कागदावर होता. एडमंड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये नेरीस या गांडुळाच्या समुद्री भाऊबंदाच्या अंड्यातील पेशीन् पेशीचा माग काढला. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना वरच्या पेशी सरळ खालच्यांच्या डोक्यावर बसत नव्हत्या. त्या तिरक्या सरकून, वळणाच्या जिन्यासारख्या फिरत वर चढत होत्या. समुद्री गोगलगायींच्या अंड्यांत नेमका हाच जिना दिसतो. एवढेच नाही, तर शरीराच्या मधल्या थराचा बराचसा भाग दोन्हीकडे एकाच ठरावीक पेशीपासून निघतो. तिला अभ्यासक आजही ‘४डी’ या नावाने ओळखतात. पुढे अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लूही सारखेच: केसाळ पट्टा फिरवत पोहणारा इवलासा भोवरा. पुरावा हाती होता, पण मोठ्या झालेल्या जनावराच्या अंगावरची कडी इतकी ठळक दिसत होती की बहुतेकांनी गांडूळ गोमेच्याच घरात राहू दिले.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. प्राण्यांचे कूळ ठरवताना ही म्हण किती खरी मानायची, हा आजचा प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेपुरता नाही. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणाचे निकष दिलेले असतात: सममिती, आद्यस्तर, देहगुहा. यांपैकी आद्यस्तर ही सरळसरळ गर्भातली गोष्ट आहे. देहगुहेची जातही ती गर्भात कोणत्या थरात, कशी तयार झाली यावरून ठरते. पुढे पदवीला गेलेला विद्यार्थी आद्यमुखी आणि द्वितीयमुखी हे दोन शब्द शिकतो; तेही गर्भातलेच. रेणूंच्या युगात हे सगळे जुनेपुराणे झाले, वंशावळ जनुकांवरून लिहा आणि गर्भाचा तास इतिहासाला द्या, असे म्हणणारा एक पक्ष आहे. जनुके फक्त अक्षरे मोजतात, प्राणी घडतो कसा हे गर्भच सांगतो, असे म्हणणारा दुसरा. दोघांचेही म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

आधी गर्भाच्या बाजूने. ख्रिश्चन पँडर यांनी १८१७ मध्ये कोंबडीची उबवलेली अंडी फोडून पाहिली आणि पिल्लू थरांतून घडते असे दाखवले. त्यांचे मित्र कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ते काम पुढे नेले आणि १८२८ मध्ये नियमच मांडला: गर्भात आधी मोठ्या गटाची खूण उमटते, मग लहान गटाची, आणि सगळ्यात शेवटी त्या जातीची. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मद्यार्कात ठेवलेल्या दोन लहान गर्भांच्या बाटल्यांना चिठ्ठी लावायची राहिली, आणि नंतर ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे खुद्द त्यांनाच सांगता येईना. (डार्विनने हा किस्सा ‘ओरिजिन’च्या पहिल्या आवृत्तीत चुकून लुई अ‍ॅगासिझ यांच्या नावावर घातला आणि पुढे दुरुस्त केला. बेअर यांना डार्विनचा सिद्धान्त शेवटपर्यंत पटला नाही, ही त्यातली आणखी एक मौज.)

पण गर्भाने खरी बाजी मारली ती बार्नॅकलच्या बाबतीत. कोकणच्या कातळावर ओहोटीच्या वेळी अनवाणी चाललेल्या माणसाच्या तळव्यांना बार्नॅकलची ओळख करून द्यावी लागत नाही. चुनखडीचे लहान, धारदार शंकू; खडकावर, खांबावर, होडीच्या बुडाला दाटीने चिकटलेले. होडी ओढून काढली की ते खरवडण्यात दिवस जातो. बाहेर कवच, आत मऊ अंग, जागचे हलणे नाही. लिनियसपासून क्युव्हिएपर्यंत सगळ्यांनी त्यांना शिंपल्यांच्या पंगतीला बसवले, आणि त्यात नवल काहीच नव्हते. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे लष्करी शल्यवैद्य असलेल्या जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी मात्र समुद्रात बारीक जाळे फिरवून त्यात येणारे चिमुकले पोहणारे जीव पाण्यात ठेवले आणि वाट पाहिली. त्यांतले काही तळाला चिकटले आणि त्यांचे बार्नॅकल झाले. चिकटण्याआधी त्यांना सांधे असलेले पाय होते, कोळंबीच्या जातभाईंसारखे. १८३०मध्ये थॉम्प्सन यांनी हे छापले आणि बार्नॅकल शिंपल्यांच्या पंगतीतून उठून खेकडा-कोळंबीच्या पंगतीत येऊन बसले. तिथून त्यांना आजवर कुणी उठवलेले नाही, जनुकांनीही नाही. पुढे डार्विनने याच प्राण्यांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे घालवली. त्याच्या एका मुलाने शेजारच्या घरातल्या वडिलांविषयी विचारले म्हणे, की ते त्यांचे बार्नॅकल कुठे बसून करतात? प्रत्येकाच्या घरी हा उद्योग असतोच, असा त्या पोराचा समज.

याच कुळातला सॅक्युलिना खेकड्याच्या अंगात शिरून राहतो. मोठेपणी त्याला पाय नाहीत, तोंड नाही, पोट नाही. खेकड्याच्या पोटाखाली लोंबणारी एक पिशवी आणि आत झाडाच्या मुळांसारखे पसरलेले धागे, एवढेच त्याचे शरीर. प्रौढ सॅक्युलिना समोर ठेवून हा कोण, असे विचारले तर जगातल्या कुठल्याही शरीरशास्त्रज्ञाला हात टेकावे लागतील. त्याचे पिल्लू मात्र तीन जोड्या पाय आणि कपाळावर एकच डोळा घेऊन पोहत येते. कवचधारी संधिपादांची ही घरची खूण आहे.

तशीच गोष्ट हर्डमानिया आणि तिच्या गोतावळ्याची. समुद्रतळाला चिकटलेली, दोन तोंडांची, पाणी आत घेऊन बाहेर सोडणारी पिशवी. तिला आपल्या दूरच्या भावंडांत कोण मोजणार? अलेक्झांडर कोव्हालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये अशाच प्राण्यांच्या पिल्लांत शेपटीतला पृष्ठरज्जू आणि त्यावरची मज्जानलिका दाखवली. बेडकाच्या पिल्लासारखे दिसणारे हे पोर थोडा वेळ पोहते, डोके टेकून कुठेतरी चिकटते, आणि मग शेपटी, पृष्ठरज्जू, पोहताना वापरलेला मेंदूसुद्धा गमावून पिशवी होऊन बसते. पृष्ठरज्जू दोनदा स्वतंत्रपणे, त्याच जागी, त्याच मज्जानलिकेखाली उगवावा हे फार अवघड. म्हणून हा पुरावा टिकला. एक मर्यादा मात्र इथेही दिसली. माशासारखा दिसणारा अ‍ॅम्फिऑक्सस आपल्याला अधिक जवळचा, असे पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे शिकवले गेले. २००६मध्ये जनुकसंचांच्या मोठ्या तुलनेतून निघाले की ही पिशवीच जवळची. गर्भाने घर बरोबर दाखवले होते, खोली जनुकांनी दाखवली.

अर्न्स्ट हेकेल यांचे नाव इथे घ्यावे लागते, पण थोडक्यातच. गर्भ आपल्या पूर्वजांची सगळी पिढीजात यात्रा पुन्हा करतो, हे त्यांचे सूत्र आकर्षक होते आणि चुकीचे होते. १८६८च्या पुस्तकात तर कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदा छापला गेला. तो त्यांच्या हयातीतच पकडला गेला. त्या चित्रांचे वंशज कित्येक पाठ्यपुस्तकांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वावरत होते. विरोधकांना एवढे पुरे. पण हेकेल चुकले म्हणून थॉम्प्सन चुकत नाहीत, हे भांडणाच्या भरात विसरले जाते.

आता दुसरी बाजू. ती माझ्या मते जास्त गंभीर आहे, कारण ती एखाद्या लबाड चित्रावर नाही, तर पद्धतीवरच बोट ठेवते. १९०८मध्ये कार्ल ग्रोबेन यांनी दोन बाजू सारख्या असलेल्या बहुतेक प्राण्यांचे दोन मोठे तट पाडले. गर्भाचा पोकळ चेंडू एका जागी आत दबतो आणि पहिले छिद्र पडते. त्या छिद्राचे पुढे तोंड झाले तर तो आद्यमुखी. तिथे किंवा त्याच्या आसपास गुदद्वार झाले आणि तोंड नंतर दुसरीकडे फुटले तर तो द्वितीयमुखी. गोगलगाय, गांडूळ, झुरळ पहिल्या तटात. तारामासा, समुद्री साळींदर आणि आपण दुसऱ्या. दिसायला किती नेटके! फळ्यावर पाच मिनिटांत काढता येते, परीक्षेत विचारता येते आणि विद्यार्थ्याच्या आयुष्यभर लक्षात राहते.

प्राण्यांनी मात्र ही आकृती वाचलेली नव्हती. बाणकृमी हे समुद्रातले पारदर्शक शिकारी गर्भावरून द्वितीयमुखी ठरले होते. जनुकांनी त्यांना पहिल्या तटात नेले. शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉडांचेही तेच. त्यांच्या पेशी जिन्यासारख्या न चढता सरळ डोक्यावर डोके रचतात, म्हणून त्यांना आपल्या बाजूचे मानणारे कमी नव्हते. १९९५मध्ये त्यांची रवानगी गांडूळ-कालवांच्या वाड्यात झाली. एका गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत पहिल्या छिद्राचे गुदद्वार होते, हे तर जुन्या लोकांनाही ठाऊक होते. अपवाद म्हणून तळटीपेत टाकले की काम भागत असे. २०१२मध्ये प्रियापुलस या चिखलात राहणाऱ्या कृमीचा गर्भ नीट तपासला गेला. हा कात टाकणाऱ्यांपैकी, म्हणजे झुरळाच्या आणि जंताच्या बाजूचा. त्याचे गुदद्वार पहिल्या छिद्रापासून होते आणि तोंड दुसरीकडे फुटते, अगदी आपल्यासारखे. तळटीपा इतक्या वाढल्या की मूळ मजकूरच उरेना.

देहगुहेच्या पायरीची अवस्था तर याहून वाईट झाली. देहगुहा नसलेले चपटेकृमी खाली, अर्धवट गुहेचे गोलकृमी मध्ये, खऱ्या गुहेचे वर, अशी चढण आपण सगळेच शिकलो. आज चपटेकृमी गांडूळ-कालवांच्या वाड्यात आहेत आणि गोलकृमी झुरळांच्या. म्हणजे ज्यांना आपण खालच्या पायऱ्या म्हणत होतो, ते वेगवेगळ्या घरांत जाऊन साधे झालेले जीव निघाले. जिना असा नव्हताच.

असे का व्हावे? पाळणाही बदलतो म्हणून. कोंबडीच्या अंड्यात बलक इतका असतो की पेशी पूर्ण विभागूच शकत नाहीत. बलकाच्या माथ्यावर एका चकतीत सगळे काम चालते. माकूल हा मृदुकाय, गोगलगायीचा सख्खा नातेवाईक. पण त्याच्या अंड्यातही बलक भरपूर, म्हणून त्याच्याकडे वळणाचा जिना नाही, कोंबडीसारखी चकती आहे. चकतीवरून नाते ठरवले असते तर माकूल पक्ष्यांच्या बाजूला गेला असता. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हेलिओसिडारिस वंशाच्या समुद्री साळींदराच्या दोन जाती राहतात. मोठेपणी दोघांत फारसा फरक नाही. एकीचे अंडे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे, त्यातून लांब हातांचे पोहणारे पिल्लू निघते आणि ते समुद्रात खाऊन-पिऊन कित्येक दिवस काढते. दुसरीचे अंडे चौपट रुंद, शिदोरी आतच; तिचे पिल्लू तोंडसुद्धा न उघडता तीन-चार दिवसांत साळींदर होते. एकाच वंशातल्या दोन बहिणी, आणि बालपण इतके वेगळे. बालपणावरही निवडीचा दाब असतो. गर्भ म्हणजे काही जुन्या काळाचे सीलबंद पाकीट नाही.

मग रेणुवाद्यांचे म्हणणे मान्य करून मोकळे व्हावे का? तिथे झेनोटर्बेला आडवी येते. १९१५मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या चिखलातून मिळालेला हा चपटा, पिवळसर, गुदद्वार नसलेला जीव; १९४९मध्ये त्याला नाव मिळाले. पुढची पन्नास वर्षे हा कोण हे कुणाला ठरवता येईना. १९९७मध्ये अचानक उत्तर मिळाले: त्याच्यातून काढलेले डीएनए शिंपल्यांशी जुळले. दुसऱ्या अभ्यासात त्याच्या अंगात अंडी आणि गर्भ सापडले, तेही शिंपल्यांसारखे. रेणू आणि गर्भ, दोन्ही साक्षी एकमताने बोलल्या. आता शंका कसली? २००३मध्ये उलगडा झाला. झेनोटर्बेला शिंपले खाते. शास्त्रज्ञांनी तिच्या जेवणाची वंशावळ काढली होती. तिचा खरा गर्भ २०१३मध्ये पाहायला मिळाला, आणि आजही जनुकसंचांचे अभ्यासक तिच्या जागेवरून भांडतात: एका गटाच्या मते ती आपल्या तटाची, दुसऱ्याच्या मते दोन्ही तट फुटण्याआधीच वेगळी झालेली. जनुकांच्या माहितीचे ढीग दोघांकडेही आहेत. गणिताचे प्रारूप बदलले की झाड बदलते.

हे सगळे तराजूत घातल्यावर मला जे दिसते ते असे. गर्भाचा पुरावा जिथे बारीक, गुंतागुंतीचा आणि अमुक ठिकाणचा आहे, तिथे तो क्वचित फसतो. तीन जोड्या पायांचे, एका डोळ्याचे पोर, शेपटीतला पृष्ठरज्जू, ‘४डी’ पेशीतून निघणारा मधला थर. असा योगायोग दोनदा जुळून येणे कठीण. तो फसतो तो जिथे आपण त्याला एका भूमितीच्या प्रश्नात कोंबले: थर दोन की तीन, गुहा आहे की नाही, छिद्र आधी इकडे की तिकडे. अशा प्रश्नांना उत्तरेच दोन-तीन असतात. असंबंधित प्राणी एकाच उत्तरावर पोहोचणारच. वळणाचा जिना नसणे हाही तसाच पोकळ पुरावा. असणे मोलाचे, नसण्याचे कारण नुसता बलकही असू शकते. दोष गर्भाचा कमी आणि रकाने पाडण्याच्या आपल्या हौसेचा जास्त. शिवाय नातेगोते कळले म्हणजे गोष्ट कळली असे होत नाही. गांडूळ कालवाजवळ बसते हे जनुके सांगतात. पण त्या सामाईक पूर्वजाचे पोर भोवऱ्यासारखे पोहत होते का, कडी नंतर आली की कालवाने गमावली, या प्रश्नांसाठी पुन्हा अंड्यातच डोकवावे लागते. २०२१मध्ये एका अभ्यासाने द्वितीयमुखी हा गट तरी खरा आहे का, अशी शंका काढली. त्या गटाच्या म्हणून मोजल्या गेलेल्या खुणा कदाचित सगळ्याच द्विपार्श्व प्राण्यांच्या पूर्वजात असाव्यात, असे ते म्हणणे. ते टिकेल की नाही ठाऊक नाही. पण टिकले तर प्रियापुलसचे कोडे सुटते, आणि ग्रोबेन यांचे ‘दुसरे’ तोंड जुने ठरते.

म्हणून पाठ्यपुस्तकाविषयी माझे मत असे: आद्यस्तर ठेवा, देहगुहेची चढण काढा. आद्यमुखी-द्वितीयमुखी ही नावे राहू द्यावीत. पन्नास वर्षांची पुस्तके त्यांवर उभी आहेत आणि गट म्हणून ती बरीचशी चालतात. फक्त व्याख्या म्हणून छिद्राची आकृती शिकवणे थांबवावे. तिच्या जागी बार्नॅकलची गोष्ट यावी, माकूलची यावी. हे बदल खर्चाचे नाहीत. विरोध होईल तो वेगळ्या कारणाने: तक्त्यावर प्रश्न काढणे सोपे असते. बारा गट, चार रकाने, रिकाम्या जागा भरा. शिक्षकांच्या हातात वर्षाचे मोजके तास असतात, आणि तक्ता नसेल तर मुले चाळीस प्राणी लक्षात कसे ठेवतील, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. सुरुवातीला चौकट लागतेच. तेव्हा दहावीला तक्ता राहू दे, पण त्याखाली दोन ओळींत तो कुठे फाटतो हेही छापावे.

पदवीला मात्र ही सबब चालू नये. महाराष्ट्रात प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या कोंबडीच्या गर्भाच्या काचा आठवत असतील. ओळखा, आकृती काढा, नावे द्या. गर्भशास्त्राच्या अभ्यासक लीला मुल्हेरकर एडिंबर्गला वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञांकडे काम करून आल्या आणि त्यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर वाढवून त्यावर प्रयोग करण्याची वाट घालून दिली. तो गर्भ तिथे ओळखण्याची वस्तू नव्हता, प्रश्न विचारण्याची जागा होता. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत तो पुन्हा काचेत जाऊन बसला. ३३ तासांच्या त्या काचेत पृष्ठरज्जू दिसतो. विद्यार्थी बाण काढतो, नाव लिहितो, पुढच्या काचेकडे जातो. हर्डमानियाच्या गोतावळ्यातल्या पोरात हाच धागा सापडला तेव्हा काय झाले होते, हे त्याला कुणी त्या क्षणी सांगत नाही.

प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा टाकून पाहावा: गांडूळ गोमेचे की कालवाचे, पुरावा देऊन लिहा, आणि तो पुरावा कुठे कच्चा पडू शकतो तेही लिहा. उत्तरे तपासायला वेळ लागेल. काही मुले गोमेची बाजू इतकी चांगली मांडतील की गुण कापताना परीक्षकाचा हात अडखळेल.